पुरातून वाचलेली बशी

आमच्याकडे चिनी मातीच्या सहा बश्या होत्या, आईला तिच्या माहेरून मिळालेल्या. त्यांनी २००५ चा पूर पाहिला, २०१९ चाही पाहिला. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून निघाली, तेव्हा आम्हीही सापडेल ते माळ्यावर चढवलं. फ्रिज गेला, दिवाण गेला, माझी पदवीची प्रमाणपत्रं गेली (त्याचं घरात कुणाला फारसं दुःख झालं नाही). बश्या मात्र टवकाही न उडता खाली आल्या. आणि परवा, नदी गुमान पात्रात असताना, त्यातली एक माझ्या हातून सुटली.

"किती?" आईनं आतूनच विचारलं. आम्हा सांगलीकरांना पावसाळ्यात फूट विचारायची सवय, तिनं तुकडे विचारले.

"पाच."

सहावा संध्याकाळी बायकोच्या टाचेला सापडला.

आधी मी झटपट गोंदाची इवलीशी ट्यूब आणली. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं आवळतो म्हणे, आणि जुलैतल्या सांगलीत ओलाव्याला काय तोटा? बशी जोडली जायच्या आधी माझा अंगठा जोडला गेला.

"अहो, सोडा की ती बशी!"

"मी कधीच सोडलीय. ती सोडत नाहीये."

शेवटी लेकीच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं सुटका केली.

मग मारुती रोडवरच्या हार्डवेअरवाल्यानं दोन ट्यूबांचा एपॉक्सी गोंद दिला. "सम-सम घ्या काका, आणि आधी कोरडेच तुकडे लावून बघा." न बघता लावायला गेलो, तर शेवटच्या तुकड्याला शिरायला जागाच नाही. एसटीत सगळे बसल्यावर खिडकीची सीट मागणाऱ्यासारखा तो बाहेर ताटकळला. पुन्हा सगळं सोडवलं, पुसलं, क्रम ठरवला, वरून कागदी चिकटपट्टी मारली आणि बशी तांदळाच्या डब्यात उभी खोचली. त्या रात्री भात झाला नाही. कुणी विचारलंही नाही. घरात वातावरणच तसं होतं.

सांधे मात्र ओबडधोबड दिसत होते, मधे बारीक खाचाही राहिलेल्या. लेक म्हणाली, "बाबा, जपानी लोक तडा लपवत नाहीत. एका झाडाच्या चिकानं जोडतात आणि वर सोन्याची पूड लावतात. किंत्सुगी." मी सोन्याचा भाव पाहिला आणि जपानबद्दलचा माझा आदर वाढला. पण आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हळदीच्या पेठेत राहून माणसानं सोन्यासाठी झुरावं? एपॉक्सीत चिमूटभर हळद कालवली आणि खाचा भरत सुटलो.

बघता बघता ती लालभडक झाली.

आता आठवलं, हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे आजी सांगायची. त्या दुसऱ्या ट्यूबमध्येही चुन्यासारखंच काहीतरी अल्कधर्मी असतं. लेकीनं दहावीच्या पुस्तकातून ते मला वाचून दाखवलं, जरा जास्तच मोठ्यानं.

सकाळी आईनं चष्मा लावून बशी उजेडात धरली. "अरे, हिला कुंकू कुणी लावलं?"

अशा बशीत खाणं-पिणं बरं नव्हे, असं हार्डवेअरवाल्यानं बजावलं होतंच. त्यामुळे ती आता देव्हाऱ्यात असते, सुपाऱ्या ठेवायला. उरलेल्या पाच पुन्हा माळ्यावर गेल्यात. पूर नाही, मी घरी असतो म्हणून.