बाण न लावता दोरी सोडायला सांगणारा मेसेज

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मामा, धनुष्यातून ताडकन आवाज आला." मी वर्तकनगरहून कोलशेतला पोचलो तोवर तिने ते चादरीत गुंडाळून पलंगावर ठेवलं होतं, आजारी मांजराला ठेवावं तसं. खालच्या लिंबाच्या कडेला वीतभर पांढरट रेघ. लिंब म्हणजे धनुष्याची वरची-खालची वाकणारी पाती. कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवला, तर रेघेपाशी तंतू अडकले. म्हणजे लिंब कामातून गेलं. तिच्या डाव्या हातावर दोरीचा लालभडक वळ होता, तो वेगळाच.

याचं मूळ म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर आलेला आणि भाऊजींनी कौतुकाने लेकीला पाठवलेला मेसेज : 'सीझनमध्ये रिकर्व्ह धनुष्याची काळजी, पाच सोनेरी नियम'. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढच्या बाजूला उलटी वळलेलं धनुष्य. तोच मेसेज आठवड्याभरात मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक तर तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवरून. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

नीट वाचलं तर मेसेज कशाचा आहे ते लगेच कळतं. 'हरणाचा हंगाम', 'मचाणावरून उतरल्यावर', 'चाप ओढण्यापूर्वी' असले शब्द त्यात आहेत. आपल्या मुलांच्या धनुष्याला चाप असतो का? हा मजकूर रिकर्व्ह क्रॉसबोचा आहे : दस्त्यावर आडवं बसवलेलं, बंदुकीसारखं खांद्याला लावायचं धनुष्य, जे घेऊन अमेरिकेत लोक हरणामागे जातात. कुणीतरी मोबाइलवर भाषांतर केलं, त्यात 'क्रॉसबो'चं नुसतं 'धनुष्य' झालं. 'लिंबांची रोज तपासणी करा' हे वाक्यही तसंच राहिलं. भाऊजींनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "मिरच्यापण बांधायच्या का?"

आता त्या घातक नियमाकडे येतो. 'दिवस संपल्यावर दोरी पूर्ण ओढून मोकळी सोडा, म्हणजे ताण निघून जातो.' भाचीने हेच केलं, हॉलमध्ये उभं राहून, ओळीने चार दिवस. चौथ्या दिवशी लिंब गेलं.

धनुष्य ओढताना आपण लावलेलं बळ वाकलेल्या लिंबांत साठतं. दोरी सुटली की त्यातला मोठा वाटा बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ते सगळं बळ लिंबांत आणि दोरीतच आदळतं. लिंबांचे चिकटवलेले थर सुटतात, दोरी तुटते, कधी लिंबाचे तुकडे तोंडावर येतात. याला ड्राय फायर म्हणतात. तिरंदाजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी दटावून सांगतात ते हेच. अगदी हलका बाण लावला तरी थोडंफार तेच होतं.

मग मूळ मजकुरात असं काय असेल? क्रॉसबोची दोरी ओढून अडकवली की ती हाताने सावकाश उतरवणं अवघड आणि धोक्याचं असतं. म्हणून शिकारी दिवसाअखेरीस एखादा जुना बाण लावून तो मऊ जमिनीत किंवा टार्गेटमध्ये मारतो आणि क्रॉसबो मोकळा करतो. बाण लावून! भाषांतरात नेमका बाणच गळाला. बाण नसेल तर चाप ओढूनही दोरी सुटू नये, अशी सोय हल्लीच्या अनेक क्रॉसबोंमध्ये मुद्दाम केलेली असते. आपल्या साध्या रिकर्व्हला यातलं काहीच लागत नाही. ओढलेली दोरी धरून सावकाश परत आणायची, बस्स.

'सीझनभर दोरी उतरवू नका.' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. क्रॉसबोची आखूड, ताठ फायबरग्लासची लिंबं हंगामभर दोरी चढवलेली ठेवली तरी चालतात. पण चढवलेली म्हणजे ओढून अडकवलेली नव्हे. आपली सुटी होणारी रिकर्व्ह मात्र सराव संपला की स्ट्रिंगर (दोरी चढवा-उतरवायचं साधन) लावून उतरवावी, लिंबं पिशवीत घालावीत. शिकाऊ लाकडी धनुष्य तर महिनोन्महिने दोरी चढवलेलं राहिलं की वाकच धरतं.

'भिजल्यास कडक ऊन द्या.' नको. उष्णतेने लिंबांच्या थरांमधला गोंद सैल पडतो. बंद गाडीच्या डिकीतही ठेवू नका. ठाण्याच्या पावसात भिजलं तर सुती फडक्याने पुसा, पंख्याखाली ठेवा, झालं.

'दोरीला तेल चोळा.' क्रॉसबोची दोरी दांड्यावर घासत जाते, तिथे वंगणाला अर्थ आहे. आपल्या दोरीला मेण लावतात आणि बोटांनी चोळून मुरवतात. खोबरेल तेल डोक्याला.

पाचव्या नियमाखाली कुणीतरी स्वतःची अक्कल जोडली आहे : 'ही बंदूक नाही, त्यामुळे ठाणेकरांनी येऊरच्या जंगलात बिनधास्त सराव करावा.' येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, दुसऱ्या कलमात, 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि तीत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट आहे. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला कलम 31 ने मनाई आहे, आणि कलम 35 मुळे ती राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. बाण सोडायचीही गरज नाही, पाठीवर धनुष्य घेऊन आत शिरलात की पुरे. शिकारीची व्याख्याही मोठी आहे : पकडणं, हुसकावणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं तीत आलं. बिबट्याचं जंगल आहे ते. आपल्याकडे हरणाचा 'सीझन' नसतो, एवढं तरी फॉरवर्ड करणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

लिंबं जोडीनेच विकतात, त्यामुळे एक गेलं तरी दोन्ही घ्यावी लागणार. अर्धे पैसे भाऊजी देणार आहेत. भाची तोवर रबरी पट्टा ओढून सराव करतेय.