परमँगनेट दुकानात मिळतं म्हणून ऑक्सिडेशन घरचं काम होत नाही

सध्या हौशी रसायनप्रेमींमध्ये एक मजकूर फार फिरतो आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतात, म्हणजे निर्धोक. त्यांनी अल्कोहोलचं ऑक्सिडेशन केलं, म्हणजे त्याला ऑक्सिजन दिला किंवा त्याचा हायड्रोजन काढला, की हवं तर अल्डिहाइड (अल्कोहोल आणि आम्ल यांच्यामधला टप्पा), हवं तर आम्ल, असा पुढची रसायनं बनवण्याचा कच्चा माल घरीच बनतो. अभिक्रिया सुरू होईना तर अजून थोडं घाला, जांभळा रंग गेला की काम झालं, उरलेलं मोरीत ओता. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर जिवावर बेतणारं.

आधी निर्धोकपणा. दुकानातलं पेरॉक्साइड 3 टक्क्यांचं असतं, प्रयोगशाळेतलं 30 टक्क्यांचं. हे 30 टक्क्यांचं कातडीवर पडलं की जागा पांढरी पडते आणि चरचरते. त्यात गंजाचा कण गेला तरी ऑक्सिजन सुटू लागतो, म्हणून त्याच्या बाटलीचं झाकण वायू बाहेर जाऊ देणारं असतं. युरोपीय संघाच्या 2019 च्या नियमानुसार 12 टक्क्यांवरचं पेरॉक्साइड सामान्य माणसाला परवान्याशिवाय मिळत नाही. आणि कोरड्या परमँगनेटला ग्लिसरीन लागलं तर काडी न लावता पेट घेतं. ग्लिसरीनही त्याच दुकानात मिळतं.

‘अजून थोडं घाला’ हा सल्ला सर्वांत वाईट. प्रात्यक्षिकाच्या वर्गात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मुलाने थंड मिश्रणात परमँगनेट घातलं, दोन मिनिटं काही झालं नाही, म्हणून आणखी दोन चमचे टाकले. मग फ्लास्कचा तळ गरम झाला, कडेने बुडबुडे आले आणि क्षणात तपकिरी चिखल कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या वरच्या नळीतून, छतापर्यंत उडाला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. न वापरलेलं ऑक्सिडक, म्हणजे ऑक्सिडेशन घडवणारं परमँगनेट, आत साचत होतं. उष्णता वाढली तसा वेग वाढला आणि वेगाने आणखी उष्णता आली. तापमान दहा अंश वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, हे आपण पाठ करतो, पण फ्लास्कसमोर नेमकं विसरतो.

‘अल्डिहाइडवर थांबता येतं’ म्हणणाऱ्याने पाण्याचा विचार केलेला नाही. पाण्यात अल्डिहाइडला पाणी जोडून त्याचं हायड्रेट बनतं आणि त्याचं ऑक्सिडेशन सहज पुढे आम्लापर्यंत जातं. म्हणूनच कोरी आणि सग्ज या रसायनशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट) हे अल्डिहाइडवर थांबणारं अभिकारक मांडलं. ते निर्जल द्रावकात वापरतात. त्यातही सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे कर्करोगकारक. अल्डिहाइड हातात आलं तरी ते टिकवावं लागतं. बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसतात, ते हवेने बनवलेलं बेंझोइक आम्ल.

रंगाचं म्हणाल, तर जांभळा गेला याचा अर्थ परमँगनेट संपलं, एवढाच. परमँगनेट फिल्टर पेपरलाही खातं, म्हणजे तुमचा पदार्थ न बनताही ते संपू शकतं. पदार्थ मिळाला का, हे वितळणबिंदू सांगतो: शुद्ध बेंझोइक आम्ल 122 अंशांना वितळतं.

मोरीत ओतलेलं परमँगनेट माशांना विषारी असतं. उरलेलं सोडियम बायसल्फाइटने जांभळा आणि तपकिरी दोन्ही रंग जाईपर्यंत निष्प्रभ करायचं आणि धोकादायक कचरा म्हणून सोपवायचं. आणि टाकाऊ द्रवांच्या एकाच बाटलीत नायट्रिक आम्ल (तेही ऑक्सिडक) आणि अल्कोहोल कधीही टाकू नका. झाकण घट्ट लावलेली अशी बाटली काही वेळाने, कुणी हात न लावता, फुटते.