‘कुठलंही घर चालेल’ असं मी का म्हणत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत म्हणून उत्तरही सविस्तरच देते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रेस्क्यू केलेला (सोडवून आणलेला) ससा लाँग टर्म फॉस्टरला, म्हणजे रेस्क्यूवाल्यांच्या वतीने बराच काळ आपल्या घरी सांभाळायला, घ्यायच्या आधी आपलं घर खरंच तयार आहे का ते बघा, नसेल तर सरळ नाही म्हणा. त्यावर दादांचं म्हणणं असं की अशी भीती घातली तर कोणीच पुढे येणार नाही, दुकानाच्या पिंजऱ्यात मरण्यापेक्षा कुठलंही घर बरं, रोजचं गवत, मोकळी जागा हे सगळे परदेशातले लाड आहेत, त्यांच्या आजोळी परसात ससे होते ते कोबीचा पाला आणि पोळी खाऊन मजेत राहायचे, आणि अगदीच नाही जमलं तर त्यांच्या शेतावर सोडता येईल, ससा शेवटी रानातलाच.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते कारण त्यात थेट सशाचा जीव जातो. तुमच्या उसात दिसतो तो तपकिरी, काळ्या मानेचा, लांब टांगांचा ससा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो घरात पाळताच येत नाही. त्याचं पिल्लू जन्मतःच डोळे उघडून, अंगावर केस घेऊन येतं. (ऊसतोडीत असं पिल्लू एकटं दिसलं तर घरी आणू नका हो, आई दिवसभर लांबच राहते आणि अंधार पडला की येऊन पाजते, तोडणी चालू असेल तर फक्त जवळच्या बांधाला सावलीत ठेवा.) आपण पाळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, पिढ्यानपिढ्या माणसाने वाढवलेला, त्याची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात. हे दोन इतके वेगळे प्राणी आहेत की त्यांचा संकरही होत नाही. पांढरा शुभ्र पाळीव ससा शेतात सोडला तर त्याला ना लपता येतं ना मोकळ्यावर पळून जीव वाचवता येतो, कुत्री आहेत, मुंगूस आहे, वरून घार आहे. आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आता आजोळचे ससे. तुमच्या आजीने त्यांना जीव लावला असणार याबद्दल मला शंका नाही, माझ्याही लहानपणी शेजारी असेच ससे होते. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की ‘दर वर्षा-दोन वर्षांनी नवीन जोडी यायची’. नीट सांभाळलेला, नसबंदी केलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. म्हणजे ते ससे मजेत दिसायचे आणि तरी लवकर जायचे, दोन्ही खरं आहे, कारण ससा दुखणं दाखवत नाही. शिकार होणारा प्राणी आहे तो, आजारी दिसला की पहिला तोच मारला जातो, त्यामुळे शेवटपर्यंत गप्प बसून राहतो आणि आपल्याला वाटतं शांत आहे.

गवताला तुम्ही लाड म्हणालात त्याचं कारणही इथेच सांगते. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ मिलिमीटरच्या आसपास, आणि ते झिजतात फक्त दिवसभर गवत चावून. पोळी आणि कोबीवर वाढलेल्या सशाच्या दाढांना कडेला अणकुचीदार टोकं फुटतात आणि जीभ कापत राहतात. सध्या माझ्याकडे जी म्हातारी ससीण आहे तिचं हेच झालंय, आधीच्या घरी बिस्किटं आणि गाजरावर वाढलेली. दर काही आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासून घ्याव्या लागतात, जन्मभर, म्हणूनच तिला कोणी अडॉप्ट करत नाही आणि म्हणूनच ती लाँग टर्म फॉस्टर. सशांना देतात ते टिमोथी नावाचं वाळलेलं गवत बाहेरच्या देशातून येतं आणि महाग पडतं हे मान्य, पण आपली हरळी आहेच की, दुर्वा म्हणून गणपतीला वाहतो तीच, सावलीत वाळवलेली उत्तम चालते. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार असतं.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी तिच्या लेंड्या बघते. ऐकायला विचित्र वाटेल पण सशाची तब्येत तिथेच कळते. मोठ्या, गोल, फिकट तपकिरी, बोटांत चुरडल्या की आत गवताचे तंतू दिसतात, म्हणजे सगळं ठीक. लहान, काळपट, कडक झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या ओवलेल्या आल्या तर पोट मंदावलंय. आणि ट्रे रिकामा असेल, ती कोपऱ्यात पाठ गोळा करून, डोळे अर्धे मिटून बसलेली असेल आणि जवळ कान नेल्यावर दात करकरल्याचा आवाज येत असेल तर दुसरं काही न करता डॉक्टर. सशाला उलटी होत नाही, १२ तास पोटात काही गेलं नाही तर आतडी बंद पडायला लागतात, ‘उद्या सकाळी बघू’ म्हणेपर्यंत संपतं. म्हणून मी विचारते की घरात रोज हे बघणारं कोण आहे. ससा आवडणारे खूप असतात हो, ट्रे बघणारा एकच असतो.

माझ्या मते घर तयार आहे का हे वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यावरून ठरवायचं. जूनच्या एखाद्या छान रविवारी सगळ्यांचीच घरं तयार असतात. मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर आणा, बाहेर चाळीस, लाइट गेलेली, घरी कोणी नाही. पंख्याने आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, सशाला घामच येत नाही, तो उष्णता टाकतो कानांतून, आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. पत्र्याचं छप्पर किंवा वरचा मजला असेल तर घरातली सगळ्यात गार जागा कुठली, आणि ती जागा सशाला द्यायला घरचे तयार आहेत का? मग दिवाळी, फटाक्यांनी घाबरून ससे खाणं सोडतात. आणि गणपती! अर्धा महाराष्ट्र कोकणात किंवा गावी जातो, पाच-सात दिवस घराला कुलूप. शेजारच्या काकू कुंडीला पाणी घालतील, पण ट्रे बघतील का? त्या आठवड्यासाठी माणूस ठरलेला असेल तर बाकीचं वर्ष सहज निघतं असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे घरात ज्याला ससा नकोय त्याला आधी बोलू द्या. बहुतेक घरांत मुलांचा हट्ट असतो, बाबा हो म्हणतात, आणि ज्या आजी दिवसभर घरी असतात त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. त्यांना दमा असेल तर वाळल्या गवताची धूळ त्यांच्याच छातीत जाणार. आणि हट्ट करणारी मुलगी आज सातवीत असेल तर ससा म्हातारा होईल तेव्हा ती शिकायला बाहेरगावी गेलेली असेल. चार्जरच्या वायरी, सोफ्याची खालची बाजू, गुळगुळीत टाइल्सवर घसरणारे पाय म्हणून हॉलभर सतरंज्या, यातलं एकेक घरच्यांसमोर आधीच बोलून टाकावं. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी संस्था दोन सशांना कायम मोकळी अशी किमान ३ मीटर बाय २ मीटर जागा सांगते. आपल्या वन बीएचकेत म्हणजे जवळजवळ अर्धा हॉल झाला. त्याला लाड म्हणा, पण हा प्राणी पिंजऱ्यात बसून राहायला बनलेला नाही.

डॉक्टरांचं तर सगळ्यात आधी बघा. पुण्या-मुंबईत सशांचे डॉक्टर मिळतात, तालुक्याच्या ठिकाणी गुरांचा दवाखाना असतो आणि तिथले डॉक्टर कितीही चांगले असले तरी सशाला भूल देण्याची सवय त्यांना असेलच असं नाही. कुत्र्यांना सर्रास देतात ती अमॉक्सिसिलिन नावाची अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो, गोचिडांसाठीचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे, आणि ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. एवढं फोनवर विचारलंत तरी समोरच्या डॉक्टरांना ससे माहीत आहेत का ते कळतं. नसबंदीचंही विचारून घ्या. मादी असेल तर आलेली गाभण असू शकते, महिनाभरात पिल्लं होतात आणि त्याच दिवशी ती परत गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवावं लागतं.

आणि रेस्क्यूवाल्यांशी कागदावर बोला, औषधपाण्याचा खर्च कोणाचा, ऑपरेशनचा निर्णय कोणाचा, आपल्याला नाहीच जमलं तर किती दिवसांत ते परत नेतील. यात अविश्वास वगैरे काही नाही. सशाला घर बदलणं फार जड जातं, नव्या जागी आला की भीतीने खाणं सुटतं आणि मग वर लिहिलेलं सगळं सुरू होतं. आज घाईत मिळालेला एक होकार आणि तीन महिन्यांनी ‘घेऊन जा’ असा फोन, यापेक्षा पहिल्या दिवशी मिळालेला नकार मला चालतो, कारण मग दुसरं घर शोधायला वेळ मिळतो.

राहिला तुमचा मुख्य आक्षेप, अशाने कोणी येणारच नाही. दादा, मला माणसं हवीच आहेत, पण प्रत्येकाने दहा वर्षांचाच शब्द द्यायला हवा असं कुठे आहे? गणपतीत आठवडाभर ससा सांभाळणारं घर हवंय, डॉक्टरकडे गाडीने नेणारं कोणी हवंय, नसबंदीनंतरचे दहा-बारा दिवस बघणारं हवंय. तुम्ही लिहिलंय तुमचं साताऱ्याजवळ घर आहे, परस आहे, आंब्याची सावली आहे, कुत्रंही आहे. मे महिन्यात दुपारी घरी कोण असतं, कुत्रं कुठे राहील, आणि सशाला भूल देणारा डॉक्टर किती लांब आहे, या तीनच गोष्टी वहिनींना विचारून मला कळवा, जमत असेल तर मी स्वतः ससा घेऊन येईन आणि पहिले दोन दिवस राहून सगळं दाखवेन. नसेल जमत तर पावसाळा संपल्यावर बांधावरची हरळी कापून, वाळवून दोन पोती पाठवा, इथे चार घरांना ती लागते. फक्त तणनाशक मारलेल्या बांधाची नको.