मान वाकडी म्हणजे बर्ड फ्लूच, असं नाही

मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मान वाकडी, शिट हिरवी, तुरा निळा म्हणजे बर्ड फ्लूच. लॅब लागत नाही. नमुने दिले तर शेड सील होईल, गुपचूप पुरून टाका.' याच भागात रोज मेलेल्या कोंबड्या तपासणारा डॉक्टर म्हणून मला यावर गप्प बसवत नाही.

मान वाकडी होते ती मानमोडीत, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगात. बर्ड फ्लूतही होऊ शकते. हिरवी शिट दोन्हींत असते. पक्षी फाडला की जठराच्या ग्रंथींवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात, तेही दोन्हींत! आणि तुरा निळा? सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४२-४३ अंशांत चोच उघडी टाकून, धापा टाकत ब्रॉयलर कोंबड्या मरतात, त्यांचाही तुरा काळानिळा पडतो. तिथे विषाणूच नसतो.

मग लॅब काय करते? नमुना ९ ते ११ दिवसांच्या फलित अंड्यात टोचतात. अंड्यातलं पाणी नंतर कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळतात. रक्तपेशींना चिकटणारा विषाणू नसेल तर पेशी तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. असेल तर जाळीसारख्या पसरतात. पण राणीखेत आणि फ्लू दोघंही जाळी करतात. म्हणून राणीखेतविरोधी सीरम, म्हणजे त्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव, घालून पुन्हा बघतात. जाळी थांबून टिकली बसली, तर राणीखेत.

एवढ्यानंही भागत नाही. लासोटा लस म्हणजे जिवंत राणीखेत विषाणूच. नुकती लस दिलेल्या बॅचचा पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह येऊ शकतो. लशीचा की मारक, हे विषाणूच्या एफ जनुकाचा ठरावीक तुकडा वाचल्यावर समजतं. बर्ड फ्लूचा शिक्का तर भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतूनच येतो. २००६ साली नंदुरबारमधल्या नवापूरचा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, तिथेच पक्का झाला होता.

'गुपचूप पुरा' हा सल्ला तर तुमचंच नुकसान करणारा आहे. बर्ड फ्लूत भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. जितका उशीर, तितके पक्षी हातचे गेले. शिवाय प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानं असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

अचानक मरतूक वाढली तर पक्षी स्वतः फाडू नका. हातमोजे, मास्क घाला, दुसऱ्याच्या शेडकडे फिरकू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा.