तळहातावरच्या त्या फोडांबद्दल खुलासा

‘तळहात-तळपायांवर पुवाचे फोड असलेल्यांच्या हातचं खाऊ नका, रोग पसरतो, फोड फोडून चुना लावा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

हा पाल्मोप्लांटर पुस्ट्युलोसिस नावाचा त्वचारोग. माझ्या आईला 11 वर्षं आहे. टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे फोड येतात, तपकिरी होऊन सुकतात, टाचा भेगाळतात. तिचा पू तपासला, जंतू निघाले नाहीत. या फोडांत मुळात ते नसतातच. दाह शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा. म्हणून शिवल्याने लागत नाही. चुन्याने मात्र कातडी भाजते. धूम्रपानाशी याचा घट्ट संबंध आहे (आई मात्र कधी विडीला शिवली नाही). त्वचारोगतज्ज्ञ स्टिरॉइड मलम, प्रकाशोपचार देतात.

आईच्या हातची भाकरी आम्ही रोज खातो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हे टाका.