काचेच्या पेटीत छडी नको

आमच्या 1985 च्या दहावीच्या बॅचला चाळीस वर्षं झाली. त्यानिमित्त शाळेला काहीतरी द्यायचं ठरलंय आणि गेले पंधरा दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच चर्चा चाललीय. पाण्याचे कूलर, प्रयोगशाळेला मायक्रोस्कोप, गरजू मुलांची फी, सगळं सुचवून झालं. मग एकाने लिहिलं, जुन्या फोटोंच्या भिंतीशेजारी एक काचेची पेटी करू, तिच्यात ती 'केन', म्हणजे सरांची छडी, ठेवू आणि खाली पितळी पाटी लावू, 'हिने आम्हाला घडवलं'. बघता बघता त्याच्याखाली अंगठे आणि हसरे चेहरे भराभरा पडले. मी त्या दिवशी गप्प बसलो. ते मला चार दिवस टोचत राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

शाळेचं नाव लिहीत नाही. मुंबईतली, फक्त मुलांची, जेझुइट या कॅथलिक धर्मसंस्थेच्या फादरांची शाळा, एवढं पुरे. त्या शाळेवर माझा जीव आहे, हे आधीच सांगतो. लालबागच्या चाळीतून आलेल्या माझ्यासारख्या मुलाला तिथे जे मिळालं, ते दुसरीकडे मिळालं नसतं.

परीक्षेच्या पेपरावर सगळ्यात वर मधोमध ए. एम. डी. जी. लिहायची आमच्याकडे पद्धत होती. लॅटिनमधल्या जेझुइट ब्रीदाची ती आद्याक्षरं. अर्थ, ईश्वराच्या अधिक गौरवासाठी. पाचवीत त्याचा अर्थ कोणाला ठाऊक होता! आईने सांगितलं होतं म्हणून मी त्याच्याखाली बारीक अक्षरात 'श्री' लिहायचो. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा 786 लिहायचा. सहा वर्षांत एकाही फादरने किंवा सरांनी ते खोडायला लावलं नाही. एकाच वर्गातल्या पेपरांच्या डोक्यावर तीन देव सुखाने नांदायचे आणि त्याखाली आम्ही भूमितीची प्रमेयं चुकवायचो.

दुपारी बाराला घंटा व्हायची. ती तास संपल्याची घंटा नसे, ती देवदूताच्या प्रार्थनेची. सर फळ्यावर जिथे असतील तिथे थांबायचे, समीकरण अर्धवट राहायचं, सगळा वर्ग उभा. कॅथलिक मुलं पुटपुटायची, आम्ही बाकीचे नुसते उभे. मिनिटभराचीच गोष्ट, पण पंधराशे मुलं असलेली अख्खी इमारत एकदम गप्प होते म्हणजे काय, ते मी तिथे ऐकलं. खिडकीतून रस्त्यावरच्या बसचा आवाज तेवढा यायचा. आजही ऑफिसात बारा वाजले की माझा हात क्षणभर थांबतो.

आणि मोठ्या सुट्टीतलं मैदान! एकाच मैदानावर सात-आठ मॅच एकाच वेळी चालायच्या, फुटबॉलच्या गोलमध्ये दुसऱ्या वर्गाचा क्रिकेटचा स्टंप. आपला बॉल कुठला आणि आपला गोलकीपर कुठला, हे कळायलाच पहिलं वर्ष जायचं.

एक म्हातारे स्पॅनिश फादर रोज सकाळी फाटकाशी उभे असत. मुंबईत आधी जर्मन जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केलं, परत पाठवलं, आणि पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश आले. त्या पिढीतले शेवटचे काही जण आमच्या वाट्याला आले. या फादरना मुलाचं नाव, भावाचं नाव आणि घरी कोण आजारी आहे, इतकं सगळं पाठ. "आजीचे डोळे कसे आहेत आता?" असं ते मला मराठीत विचारायचे, ळ चा ल करून. माझ्या आजीच्या मोतीबिंदूची चौकशी सख्ख्या मामानेही इतक्यांदा केली नव्हती.

आता छडीचं.

1982 चा जुलै. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला होता आणि आमच्या भागातल्या घराघरांत पगार बंद होता. माझे वडील बँकेत, त्यामुळे आम्हाला झळ कमी. माझ्या शेजारी बसणाऱ्याचे वडील गिरणीत. 31 जुलैला जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा सण, शाळेचा सगळ्यात मोठा दिवस. आदल्या आठवडाभर कवायतीची तालीम, आणि कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट लागायचे. पावसाळ्यात ते बूट वाळत नाहीत, हे मुंबईत राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. स्टोव्हशेजारी ठेवले तरी आतून गार आणि ओलेच, वर पिवळट डाग. मी वर्गातून खडू आणायचो आणि ते डाग घासून पांढरे करायचो. शेजारच्याकडे कॅनव्हासचे बूट नव्हतेच. मागच्या वर्षीचे पायाला होईनात आणि नवे घ्यायला पैसे नव्हते. तो काळे बूट घालून आला.

मी वर्गाचा मॉनिटर होतो. ज्यांचा पोशाख पूर्ण नाही त्यांची नावं वहीच्या पानावर लिहून द्यायचं काम माझं. मी त्याचं नाव लिहिलं. त्याच्याकडे का नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच्या घरी मी जेवलो होतो, काकूंनी मला कधी उपाशी सोडलं नाही. तरी लिहिलं. नियम होता, आणि मला मॉनिटरचा बिल्ला आवडत होता.

त्याला उजव्या हातावर सहा बसल्या. मारणारे सर स्वभावाने दुष्ट नव्हते, स्नेहसंमेलनात पेटी वाजवायचे. चौथ्या छडीला त्याने हात मागे घेतला म्हणून ती मोजली नाही. वर्ग हसला. त्या दिवशी उरलेले तास त्याने पेन डाव्या हातात धरलं होतं. काही लिहीत नव्हता, नुसतं धरलं होतं.

तेव्हा 'हिने आम्हाला घडवलं' म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, कोणाला घडवलं? ग्रुपवर जे आहेत ते घडले, कारण त्यांच्या घरी बूट होते. जे दहावीच्या आधीच गळाले त्यांचा नंबर कोणाकडे आहे का? मार खाऊन माणूस झालो, हे आपण इतक्या सहज बोलतो, पण मार खाऊन शाळाच नकोशी झालेला मुलगा चाळीस वर्षांनी बॅचच्या जेवणाला येत नाही. म्हणून त्याची बाजू आपल्या कानावर पडत नाही.

आणि याला परंपरा म्हणता, तर निदान परंपरा तरी नीट बघा. जेझुइटांनी 1599 मध्ये आपल्या शाळांसाठी अभ्यासाची आणि शिस्तीची सविस्तर नियमावली केली. तो काळ असा, की युरोपात मास्तरच्या हातात छडी नसेल तर लोकांना आश्चर्य वाटावं. मार त्यांनीही पुरता बंद केला नाही, हे खरं. पण शिकवणाऱ्या जेझुइटाने स्वतः मुलावर हात टाकायचा नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं. अगदीच वेळ आली तर संस्थेबाहेरचा वेगळा माणूस त्यासाठी नेमायचा. जो शिकवतो त्याचीच मुलाला भीती बसू नये, एवढं शहाणपण सव्वाचारशे वर्षांपूर्वी होतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली ती 2009 साली.

आणखी एक, विषय निघालाच आहे तर. व्हरांड्यात मराठी बोललं की आम्हाला दंड असायचा, चार आणे. हीसुद्धा म्हणे शाळेची परंपरा. ज्या संस्थेचा इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ज्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहून 1616 मध्ये छापली, त्या संस्थेच्या शाळेत मराठीला दंड! खरी परंपरा कुठली आणि मधेच कोणीतरी लावलेली सवय कुठली, हे आपण कधी तपासलंच नाही.

माजी विद्यार्थ्यांनी काय करावं, याचाही दाखला घरातच आहे. पेद्रो अरुपे जेझुइटांचे प्रमुख होते. 6 ऑगस्ट 1945 ला ते हिरोशिमाच्या बाहेर होते, वैद्यकीचा काही वर्षं अभ्यास केलेला असल्यामुळे त्यांनी आपल्या मठाचा दवाखाना करून भाजलेल्या माणसांवर उपचार केले. याच अरुपेंनी 31 जुलै 1973 ला, म्हणजे सणाच्याच दिवशी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. पाहुण्यांनी शाळेची तारीफ करावी, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा तो प्रसंग. त्यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी तयार केलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं, नाही. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवायची, हे तेव्हापासून जगभरच्या जेझुइट शाळांच्या तोंडी आहे. आपल्याही सभागृहाच्या भिंतीवर ते रंगवलंय. त्याच भिंतीशेजारी छडीची पेटी ठेवणार आपण?

गेल्या रविवारी मी त्या मित्राला फोन केला. नंबर मिळवायला तीन दिवस लागले. तो डोंबिवलीला असतो, मुलगी नर्स आहे. इकडचं तिकडचं बोललो. मग मी बुटांचा विषय काढला आणि माफी मागितली. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तुझे पण ओलेच होते ना रे? खडू लावलेला. माझ्या पँटीला लागला होता."

चाळीस वर्षं त्याला माझ्या बुटांवरचा खडू लक्षात आहे. एका शब्दाने सरांना सांगितलं असतं तर माझंही नाव त्या पानावर गेलं असतं. त्याने सांगितलं नाही.

येत्या शनिवारी कमिटीची बैठक आहे, मी जाणार आहे. पेटी नको, एवढं स्पष्ट बोलणार आहे आणि माझा वाटा एका कपाटासाठी देणार आहे. पी.टी.च्या खोलीत एक कपाट, सगळ्या मापांचे पांढरे बूट, ज्याला लागतील त्याने न विचारता घ्यावेत, वहीत नाव लिहायचं नाही. दरवर्षी जूनमध्ये आपण ते भरायचं. बॅचमधल्या ज्यांना पटतंय त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा. आणि शाळा सोडून गेलेल्या कोणाचा पत्ता, नंबर असेल तर तोही पाठवा. निमंत्रणं छापायला जायच्या आत मला त्या सगळ्यांना फोन करायचे आहेत.