चिलीम नसलेली कुऱ्हाड

सोमवारी परिपाठ संपायच्या आत चौथीतल्या एका पोराचा बाप शाळेच्या फाटकाशी आला आणि सायकलवरून न उतरताच विचारून गेला, "गुरुजी, झाली का चिलीम?"

मी तेव्हा ज्या भिंतीपुढे उभा होतो तिच्यावर 'तंबाखूमुक्त शाळा' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी असते, ती हद्द दाखवणारी पिवळी रेघ रस्त्यावर ओढली तीही मीच, भर उन्हात, स्वतःच्या पैशाच्या रंगानं. (ते पैसे अजून यायचे आहेत.) आणि आता गावभर झालं आहे की गुरुजी लोहाराकडून चिलीम घडवून घेऊन रायले. मुख्याध्यापकांनी 'जरा बसून बोलू' म्हटलं आहे. त्यांच्याकडे बसून बोललेलं कोणाच्याच भल्याचं झालेलं मला आठवत नाही.

मी चिलीम करायला टाकली नव्हती. कुऱ्हाड टाकली होती. टोमॅहॉक.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, पंचेचाळीस डिग्रीत, पंख्याखाली पडून माणसानं मोबाइलवर जंगलातल्या शेकोटीचे व्हिडिओ पाहू नयेत. मी पाहिले. तीन रात्री पाहिले. आमच्याकडे आजोबांच्या वेळची कुऱ्हाड आहे, पण तिचं पातंच दीड किलोचं. पाठीवरच्या पिशवीत घातली तर माणूस उताणा पडेल. टोमॅहॉक हलकी. मला हवी होती तिचं डोकं 450 ग्रॅम, दांडा 18 इंच. आणि खरी करामत अशी की डोकं बसवायला पाचर लागत नाही. दांडा वरच्या टोकाला जाड, खाली निमुळता. डोकं खालून सरकवायचं, ते वर जाऊन आवळतं. जितके घाव घालाल तितकं घट्ट. उलट ठोकलं की सुटतं. दांडा मोडलाच तर रानात दुसरा तासून घ्या.

हे मी लोहाराला दहा मिनिटं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे टिकासावानी."

मी गेलो तो मे महिन्याचा शेवट. पेरणी तोंडावर, डवऱ्याच्या पासांचा, म्हणजे कोळपणीच्या पात्यांचा, ढीग पडलेला, आणि त्यात माझं हे हौसेचं काम. त्यानं 1,200 रुपये सांगितले. एवढ्याशा लोखंडाचे एवढे? तर म्हणे, लोखंड कमी लागते म्हणून मजुरी जास्त. मोठी कुऱ्हाड घ्या, स्वस्त पडन. या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ट्रकचा तुटका कमानपाटा भट्टीत गेला. पातं तापून चुंबकाला चिकटेनासं झालं की पाणी द्यायची वेळ झाली, हे मी व्हिडिओत शिकलो होतो आणि शाळेच्या विज्ञानपेटीतला चुंबक खिशात घालून गेलो होतो. लोहारानं चुंबकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोराला म्हणाला, "दार लोट, रंग दिसत नाही." अंधारात लोखंडाचा रंग पाहून त्यानं धारेला पाणी दिलं. चुंबक खिशातच राहिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दाराशी, उलट्या घमेल्यावर, एक आबाजी आपली पास पाजवून घ्यायला बसले होते.

"काय होय हे?"

"कुऱ्हाड."

"कोनाची?"

"माझी."

"तसं नाई म्हनत. पोट्ट्याइची का बाईमान्साची?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारला की आतून काहीतरी उसळतं. मी सांगितलं की हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं हत्यार. नावही तिथल्या अल्गोंक्वियन भाषांतलं. आधी पातं दगडाचं असायचं. मग युरोपातून व्यापारी आले, त्यांनी लोखंडाची पाती विकली.

"म्हंजे तिकळेबी व्यापारीच आले."

"हो."

"उधारीत देत होते का?"

"कातड्यांच्या बदल्यात."

"मंग मापात मारलंच असन," आबाजी म्हणाले आणि बराच वेळ त्या लोकांसाठी मान हलवत राहिले. गेल्या हंगामाच्या कापसाचा काटा त्यांना आठवला असावा.

ते हळहळले म्हणून मला हुरूप आला. मी म्हटलं, काही टोमॅहॉकना तर पात्याच्या मागच्या बाजूला चिलीम असायची. दांडा आतून पोकळ. तह झाला की अशी कुऱ्हाड भेट द्यायचे.

भाता थांबला. लोहाराचा पोरगा थांबला. आबाजींनी तोंडातली विडी काढून हातात धरली.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "एका अंगानं तोडा, दुसऱ्या अंगानं ओढा?"

"हो."

"अन मानसं म्हन्तेत अमेरिका काऊन पुढं गेली."

मग त्यांनी माझी कुऱ्हाड उचलली. मागून पाहिली, खालून पाहिली, दांड्याच्या टोकाला डोळा लावून उजेडाकडे धरली.

"भोक कुठी हाय?"

"माझीत चिलीम नाही, आबाजी."

"काऊन?"

"मी ओढत नाही ना."

"तुमी नाई ओढत. पन गुरुजी, रानात इस्तो पेटवसान, चार मानसं येऊन बसतीन. त्याइनं काय कराव? कुऱ्हाडीच्या तोंडाकडं पाहाव?"

एवढं बोलून त्यांनी मला या विषयातून बाद केलं आणि लोहाराकडे वळले. "तुले जमते का रे?" लोहार म्हणाला, चिलमीचं भांडं जमन, पण दांड्यात 18 इंच भोक कसं पाडाव? धावडा हाय, सळई लाल करून घातली तरी आत जाऊन वाकडी निघन. आबाजी म्हणाले, मंग बांबूचा दांडा बसव, देवानंच भोक देलं हाय. लोहार म्हणाला, बांबू घावानं फुटते. आबाजी म्हणाले, "मंग घाव कायले घालता? नुसती ओढाव!" यावर दोघंही गंभीर झाले. अर्धा तास हीच चर्चा. येणारा प्रत्येक जण थांबून आपलं मत देऊन जात होता, आणि प्रत्येकाला आबाजी पहिल्यापासून सांगत होते, "आपले गुरुजी चिलीम करून रायले, भोकापाशी काम अडलं."

धावड्याच्या दांड्याबद्दल मात्र ते "लाकूड बरं हाय" म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

जूनमध्ये, पावसाच्या आधी, मी आणि साळा चिखलदऱ्याकडे निघालो. भीमानं कीचकाला मारून तिथल्याच दरीत फेकलं म्हणतात. नुसत्या हातांनी, अवजार किती ग्रॅमचं असावं याचा त्यानं तीन रात्री अभ्यास केला नव्हता. वाटेत एका नाक्यावर पिशवी उघडायला लावली.

"हे कायले?"

"कॅम्पिंगला."

"लाकूड तोडनार?"

"छे छे, अजिबात नाही."

"मंग कुऱ्हाड कायले?"

अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, 1972 च्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू, जाळं, गळसुद्धा येतात; त्यामुळे त्या माणसाचं काही चुकलं नाही. कुऱ्हाड नाक्यावर ठेवून पुढे गेलो. रात्री जिथं उतरलो तिथं शेकोटीच्या लाकडाचा भारा 300 रुपयांना मिळत होता. ते लाकूड कुठलं, कोणाच्या कुऱ्हाडीचं, कोणी विचारलं नाही, आम्हीही नाही. आमच्या गावात चुलीसाठी वाळलेलं सरपण आणणारी बाई जीपचा आवाज आला की मोळीसकट झुडपात बसते. हे मी लहानपणापासून पाहतो आहे. तिची चूक एवढीच की ती भात शिजवायला जाळते. गाणी लावून जाळलं असतं तर तिला कोणी गादीसुद्धा टाकून दिली असती.

परतताना कुऱ्हाड मिळाली. गावाबाहेर गुराखी भेटला, खांद्यावर बारीकशी कुऱ्हाड. मी थांबून पाहिली. छोटं पातं, लांब हलका दांडा. किंमत विचारली. आठवडी बाजारात 350. घरी कळू दिलं नाही.

शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशी आबाजींचा नातू वर्गात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, आबाजीनं कुऱ्हाड मांगतली, बकरीले पाला तोडाले. अन भोक पडलं असन तं तमाखूबी ते पाठवून देतो म्हने."

दिली. काल संध्याकाळी आबाजी स्वतः आणून देऊन गेले. डोक्यात वरून बाभळीची पाचर ठोकलेली, डोक्याखाली दांड्यात दोन इंची खिळा आरपार मारून दुसऱ्या बाजूनं वाकवलेला.

"ढिली होती, गुरुजी. ठोकलं का निंघत होती. आता बापजन्मी निंघत नाई." मी पाकिटाकडे हात नेला, तर हात धरून म्हणाले, "राहू द्या. गावच्या मास्तरकडून पैसे घेऊ का मी?"